पनवेल, पाण्याच्या वाटेने

पनवेलला पाण्यावरून जायचं तर आधी तिथी पाहावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पनवेलच्या खाडीत गाळ इतका चढला आहे की थेट गावाच्या बंदरापर्यंत होडी न्यायची तर उधाणाचं पाणी हवं आणि ते दिवसाउजेडी हवं. म्हणून आम्ही माघी पौर्णिमा धरली.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक पनवेलकर मित्र. त्याचं लहानपण जुन्या पनवेलमध्ये, लाइन आळीच्या आसपास गेलं. खाडीतून होडीने गावात तोही कधी आला नव्हता. माझं पनवेल तर एसटी स्टँडापलीकडे फारसं गेलंच नव्हतं. कोकणात जाणाऱ्या लाखो माणसांचं तसंच असतं. गणपतीला निघालेल्या गाडीत कुणीतरी ‘पनवेल सोडलं’ म्हणतो आणि मुंबई मागे पडल्याची खात्री पटते. थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 इथेच सुरू होतो. पुण्याचा जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग इथूनच घाटाकडे वळतात, कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात. गाडी बदलायचं गाव अशी पनवेलची ओळख घट्ट बसली आहे. हे गाव मुळात बंदर आहे, आणि गाडी बदलायची ही रीत त्या बंदरापासूनच चालत आली आहे, हे पाण्यावरून आल्याशिवाय नीट कळत नाही असं मला आता वाटतं.

हल्ली ओळखीपाळखीतले बरेच लोक क्रूझवर जातात. परत आल्यावर ते जहाजातल्या जेवणाबद्दल बोलतात आणि मग एखाद्या छोट्या जुन्या बंदराबद्दल जरा जास्त वेळ बोलतात. श्रीलंकेतलं गॉल, मलेशियातलं मलाक्का, व्हिएतनाममधलं होइ आन. डचांची कोठारं, चिनी व्यापाऱ्यांची घरं, मशीद, चर्च आणि देऊळ एकाच गल्लीत, कौलारू छपरं, दमट हवा, नारळ. मला अशी गावं मनापासून आवडतात. त्यांच्या गोष्टी ऐकताना एक प्रश्न सतत मनात यायचा. मुंबईच्या बंदराच्या पोटातच, समोरच्या किनाऱ्यावर, असंच एक गाव आहे. तिथे बोटीने जावं असं कुणालाच का वाटत नाही?

मुंबईहून थेट पनवेलला जाणारी प्रवासी बोट आज नाही. म्हणून प्रवासाचे दोन तुकडे केले. आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडली. हा तुकडा मी थोडक्यात सांगतो, कारण तो अजून हजारो लोकांचा रोजचा आहे. डावीकडे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, मागे घारापुरीचे दोन डोंगर, समोर 1989 साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या उंच क्रेन. अरबी समुद्रातून येणारा माल आजही याच पाण्यातून पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरतो, फक्त उतरण्याची जागा खाडीच्या आतून तोंडाशी सरकली आहे. मोरा बंदरातही गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवाव्या लागतात. तिकीट खिडकीपाशी बसलेल्या एका आजींनी, आम्ही न विचारता, दुसऱ्या दिवशीची भरतीची वेळ सांगितली. त्या उरणच्या होत्या आणि घड्याळ त्यांच्या हातात नव्हतं.

रात्र उरणला मित्राच्या नातेवाइकांकडे काढली. सकाळी उरणची लोकल पकडून बेलापूरला उतरलो आणि दिवाळे कोळीवाड्यात पोचलो. कोळीवाड्याजवळच बेलापूरचा किल्ला आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे चार मालक त्याने पाहिले. पनवेलच्या खाडीच्या तोंडावर हा किल्ला उभा का, याचं उत्तर धक्क्यावर उभं राहिलं की मिळतं. खाडीतून आत जाणारं प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जायचं. ज्याचा बेलापूर, त्याच्या हातात पनवेलची जकात.

धक्क्यावर आमची होडी अजून चिखलात बसली होती. तांडेल पन्नाशीचे, अंगाने सडसडीत. जाळं बाजूला सारून त्यांनी आम्हाला बसायला फळी दिली. मी दोनदा घड्याळ पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “पानी चरू दे दादा. घाई नको करू.” पाणी चढत होतं. आधी चिखलातल्या ओहळांच्या रेघा भरल्या, मग निवट्या उड्या मारत वर सरकल्या, मग होडीच्या तळाखालून हलका धक्का बसला आणि ती सुटली. इंजिन चालू झालं. पौर्णिमेची भरती खाडीत शिरत होती आणि आम्ही तिच्याबरोबर आत निघालो.

सुरुवातीला रस्त्याचे आणि रेल्वेचे पूल लागतात. त्यांच्याखालून गेलो की आवाज एकदम बदलतो. डावीकडे खारघर, मग कामोठे, त्यांच्या पंचवीस-तीस मजली इमारतींच्या रांगा, आणि पाण्याच्या कडेला अखंड तिवरांची भिंत. भरतीला तिवरांची मुळं बुडतात आणि फक्त हिरवा माथा पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. तांडेल त्यातल्या फटी दाखवत होते. प्रत्येक फट म्हणजे एक ओहोळ, आणि प्रत्येक ओहोळाला नाव. कुठे चिंबोऱ्या, कुठे कोलंबी, कुठे बोय. जिताडा अजून मिळतो का, असं मित्राने विचारलं. रायगडात जिताड्याचं नाव निघालं की माणसं जेवणाची वेळ विसरतात. तांडेल हसले आणि म्हणाले, मिळतो, पण आता तो मिळाला की गावभर सांगावंसं वाटतं.

मग ते गाळाबद्दल बोलले. “आमचे बापाचे टायमाला इथं वाव वाव पानी व्हता. आता बांबू टाकला का गाळच लागतो.” त्यांनी खरोखरच बांबू टाकून दाखवला. भर भरतीत, खाडीच्या मधोमध, बांबूचा अर्ध्याहून अधिक भाग वर राहिला. माथेरान-प्रबळच्या डोंगरांवरून येणारी गाढी नदी, तळोज्याच्या बाजूने येणारी कासाडी, दक्षिणेकडची काळुंद्री, या सगळ्यांची माती इथे येते. ती पूर्वीही यायची. पण पूर्वी भरतीचं पाणी दोन्ही काठांच्या खाजणांवर मैलभर पसरायचं आणि ओहोटीला तितक्याच जोराने परत फिरताना खाडीचा तळ धुऊन न्यायचं. खाजणं भरावाखाली गेली की पसरायला जागा उरत नाही, आणि पसरलेलं पाणीच नसेल तर परत फिरताना जोर कुठून येणार? गाळ बसतो. हे तांडेलांनी हाताच्या दोन तळव्यांनी, एक उघडून आणि एक मिटून, इतकं स्पष्ट दाखवलं की मला पुढे कुणा अभियंत्याला विचारायची गरज वाटली नाही.

उजव्या हाताला नवी मुंबईचा विमानतळ. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचं उद्घाटन झालं. आमच्या डोक्यावरून विमान खाली उतरलं तेव्हा होडीतलं बोलणं थांबलं. त्या विमानतळाच्या जागी उलव्याची टेकडी होती, उलवे नदीचा प्रवाह होता, आणि दहा गावं होती. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. मी ती नावं मुद्दाम सगळी लिहितो आहे. टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठली. सिडको 1970 साली स्थापन झाली तेव्हापासून या पट्ट्यातल्या आगरी-कोळी माणसांनी जमिनीसाठी फार मोठी किंमत मोजली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. विमानतळाला त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यामागे ही सगळी आठवण आहे. तांडेल विमानाविरुद्ध काही बोलले नाहीत. त्यांचा पुतण्या तिथे कामाला लागला आहे. ते एवढंच म्हणाले की खाडीचं पाणी मोकळं ठेवा, बाकी आमचं आम्ही बघू.

पाणी आता अरुंद झालं होतं आणि समोर पूर्वेला डोंगर उभे राहिले. डावीकडे मलंगगडाचे सुळके, मध्ये माथेरानचं सपाट पठार आणि त्याच्या पुढे प्रबळगड, उजवीकडे दूर कर्नाळ्याचा अंगठा. रस्त्याने येताना हे डोंगर असे एका रांगेत दिसत नाहीत. पाण्यावरून येणाऱ्याला मात्र ते आधी दिसतात आणि गाव नंतर. त्या क्षणी पनवेलचा नकाशा मला पहिल्यांदा नीट उमगला. समुद्राचं पाणी जमिनीत जितकं आत शिरतं, त्याच्या टोकाला हे गाव आहे. इथून पुढे डोंगर, आणि डोंगरात बोरघाटाची खिंड. देशावर जाणाऱ्याला मुंबईहून शक्य तितकं पाण्याने यायचं आणि जिथे पाणी संपेल तिथे उतरून बैल, घोडा किंवा पालखी धरायची, एवढीच सोपी गोष्ट होती. त्यातून गाव मोठं झालं.

या वाटेवरून कोण कोण आलं याची यादी मराठ्यांच्या इतिहासाला लागून आहे. 1778 च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून गलबतांतून पनवेललाच उतरली. सुमारे चार हजारांची फौज आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल. आज ज्या बंदरात आमची एक होडी जेमतेम लागणार होती, तिथे तो सगळा पसारा उतरला. पुढचं आपण शाळेत शिकलो. घाट चढायलाच त्यांना महिना गेला, कार्ल्यापाशी त्यांचा कप्तान ‘इष्टुर फाकडा’ पडला, महादजी शिंद्यांनी वडगावला त्यांची कोंडी केली आणि 1779 च्या जानेवारीत तह झाला. दोन वर्षांनी जनरल गॉडर्डची फौज बोरघाटातून मागे हटली तेव्हाही हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या घोडदळाने तिला पनवेलपर्यंत हैराण केलं. पनवेल गाठलं की इंग्रज वाचत होते, कारण पनवेलला त्यांचं पाणी होतं, आणि त्या पाण्यावर आपल्या घोड्यांचा इलाज चालत नव्हता.

पुढे लढाया संपल्या आणि प्रवासी येऊ लागले. 1809 मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका पुण्याला आणि कार्ल्याच्या लेण्यांना जाताना इथेच बोटीतून उतरली. 1825 मध्ये बिशप हेबर ऐन पावसाळ्यात याच वाटेने घाटावर गेला. 1830 साली गव्हर्नर माल्कमने बोरघाटातला गाड्यांचा रस्ता खुला केला आणि मग तर पनवेलची भरभराट झाली. देशावरून कापूस, गूळ, तूप घेऊन बैलगाड्या उतरायच्या आणि परत जाताना मीठ, नारळ, सुकी मासळी, मुंबईचं कापड घेऊन चढायच्या. दोन्हीकडून येणारा प्रत्येक माल पनवेलला एकदा खांद्यावर घेतला जायचा. हमाल, दलाल, जकातवाले, खानावळी, धर्मशाळा, सगळं त्या खांदेबदलावर उभं राहिलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट चाकांची आहे. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे की पनवेलचा मुख्य उद्योग गाडीची चाकं बनवण्याचा, आणि देशावरून कोकणात उतरणारा प्रत्येक गाडीवान इथून चाकांची एक जोडी घेऊन जातो. घाट उतरताना चाकांची किती नासाडी होत असेल ते यावरून समजतं. पण मला त्यापेक्षा सुतारांचं कौतुक वाटतं. मावळातला, जुन्नरचा, नगरचा गाडीवान पनवेलच्या चाकावर विश्वास ठेवून शंभर कोस जायचा. त्या सुतारांतल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही.

बंदर आलं ते असं की मी विचारलं “अजून किती?” आणि तांडेल म्हणाले, “हेच.” काठावर उलट्या घातलेल्या दोन होड्या, वाळत घातलेली जाळी, मागे कोळीवाड्याची घरं. उतरताना गुडघ्याच्या खाली चिखल लागला आणि वास आला, खाडीच्या कुबट-खारट चिखलाचा, ज्यात शहराचं सांडपाणीही आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. घाण पाणी खाडीत सोडलं जातं आणि ते कोळीवाड्याच्या दारात येतं. तिथल्या बायकांनी आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं आणि कुठून आलात विचारलं. बेलापूरहून पाण्याने, असं सांगितल्यावर एक मावशी जोरात म्हणाली, “होरीन आलं? लय वर्सांनी पावना बंदरान उतरला!” आणि आजूबाजूच्या चार घरांतून माणसं बाहेर आली.

तिथून पुढचं पनवेल आम्ही पायी पाहिलं, आणि बंदराकडून आत जातानाच ते पाहावं असं मी आग्रहाने सांगेन. बंदर रोडने निघालो की गाव आपोआप क्रमाने उलगडतं. आधी कोळी, मग व्यापारी, मग भटभिक्षुक आणि सरकार. कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला ही नावं गुजरातेकडून आलेल्या व्यापारी घरांची आठवण ठेवून आहेत. या भागात भाताचा व्यापार मोठा, पनवेलच्या भातगिरण्यांचं एकेकाळी नाव होतं. खाडीच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून खारेपाटातली माणसं भात काढायची, गिरणीत तांदूळ व्हायचा आणि गलबतांतून मुंबईला जायचा. आता गिरण्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी इमारती आल्या आहेत. तरी मित्राने एका लांबट, उंच पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, लहानपणी इथून गेलं की नाकात कोंड्याची धूळ बसायची.

त्याच पायवाटेवर बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 सालचं. आम्ही आधी विचारून गेलो होतो. साधी वास्तू, निळसर रंग, आतमध्ये टांगलेले दिवे, भिंतीवर हिब्रूबरोबर मराठी. बेने इस्रायली ही कोकणातली जुनी मंडळी, घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं अस्सल गावावरची, त्यांतलं एक पनवेलकर. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. गावातल्या एका तळ्याला लोक अजूनही इस्रायली तलाव म्हणतात. 26 जुलै 2005 च्या महापुरात गाढीचं पाणी जुन्या पनवेलमध्ये शिरलं तेव्हा ते सिनेगॉगमध्येही शिरलं. ज्या पाण्यामुळे ही सगळी माणसं इथे आली, तेच पाणी वाट अडवली गेल्यावर घरात येतं, हे त्या दालनात उभं राहून फार जवळून जाणवतं.

मग तळी. पनवेलचं खरं सौंदर्य मला तिथे दिसलं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे. खाडीकाठच्या गावात विहिरींना मचूळ पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्याची सोय हा बंदराचा प्राण असतो. उतरलेल्या हजारो बैलांना, घोड्यांना, माणसांना पाजायला पाणी कुठून आणलं असेल, याचं उत्तर ही तळी आहेत. वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराचं देऊळ आहे. दुपारच्या वेळी पायऱ्यांवर कॉलेजची मुलं बसली होती, पाण्यात कमळाची पानं होती आणि एका बाजूला सुशोभीकरणाचं काम झालेलं दिसत होतं. या एका जागी नगरपालिकेचं आणि आता महापालिकेचं मला मनापासून अभिनंदन करावंसं वाटलं. पनवेलला नगरपालिका 1852 साली आली, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावायच्या आधी. ब्रिटिशांच्या राज्यातल्या एवढ्या लहान गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळावी, यावरूनच बंदराची कमाई कळते. 2016 मध्ये तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली.

दुपारी मित्राच्या आत्याकडे जेवलो. वालाचं बिरडं, भात, पापड. पौर्णिमा असल्याने त्यांच्याकडे मासळी नव्हती, याचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांच्या सासऱ्यांना लोक धूतपापेश्वरमधले म्हणून ओळखत. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलमध्ये सुरू केलेला हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना. डोंगरातून वनस्पती, खाडीतून वाहतूक आणि बाजाराला मुंबई शेजारी. कारखान्याची जागाही या गावाच्या भूगोलाने निवडली होती असं मला वाटतं. आत्यांनी क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचा विषय काढला, कारण शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर. 1845 साली शिरढोणला जन्मलेले, कर्नाळ्याच्या किल्लेदाराचे नातू. सरकारने त्यांना जहाजातून एडनला नेलं आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते तिथल्या तुरुंगात वारले. गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. “आमच्या गावचा माणूस अशा बंदरात मेला जिथून घर दिसतच नाही,” आत्या म्हणाल्या, आणि ताटात आणखी बिरडं वाढलं.

बंदर बुडालं कसं, हे आता सांगतो. गाळाने ते मागे पडलं असं सगळे म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. मोठा घाव रेल्वेचा. 1856 मध्ये गाडी खोपोलीला पोचली, 1863 मध्ये बोरघाटातून वर गेली. ती कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेल तिने बाजूला ठेवलं. मुंबईचा माल एका डब्यात भरून पुण्यात उतरू लागला आणि खांदेबदलाची गरज संपली. चाकं बनवणाऱ्या सुतारांनी तेव्हा काय केलं असेल, असा विचार मी बल्लाळेश्वराच्या पायरीवर बसून बराच वेळ केला. जवळपास शंभर वर्षं पनवेल तालुक्याचं, भाताचं, शांत गाव होऊन राहिलं. मग मोटार आली, महामार्ग आले, सिडको आली, आणि घाट, कोकण, मुंबई यांच्या तिठ्यावर बसलेलं गाव पुन्हा मोक्याचं झालं. जागा तीच. पाण्याने घडवलेल्या जागेवर रस्त्याने दुकान मांडलं.

इथे मला होइ आन आठवतं. थू बोन नदीचं तोंड गाळाने भरलं, व्यापार शेजारच्या दा नांगला गेला आणि होइ आन एकोणिसाव्या शतकात मागे पडलं. मागे पडलं म्हणून जुनी घरं तशीच राहिली, आणि 1999 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आज क्रूझची जहाजं दा नांगच्या बाजूला लागतात आणि प्रवासी बसने होइ आनला येतात. गॉलचंही तेच झालं. कोलंबोला मोठं बंदर झालं तेव्हा आगबोटी तिकडे गेल्या आणि डचांचा किल्ला जसाच्या तसा उरला. पनवेलला तसं विसावायला मिळालं नाही. इथे दुसरी लाट आली आणि तिने पहिलीच्या खुणा बऱ्याचशा पुसल्या. वाडे पडले, गिरण्या गेल्या. म्हणून पनवेल त्या गावांच्या तोडीचं नाही असं कुणी म्हणेल, तर मी ते मान्य करणार नाही. त्या गावांत कोळ्यांची वस्ती, व्यापाऱ्यांचा मोहल्ला आणि निरनिराळ्या धर्मांची पूजास्थानं यांची जी सलग साखळी बघायला लोक पैसे मोजून जातात, ती इथे अजून आहे आणि तिच्यात माणसं राहतात. हरवली आहे ती फक्त पाण्याकडून येणारी वाट.

आणि ती परत मिळवणं अशक्य अजिबात नाही. बेलापूरला जेट्टी बांधली आहे, 2022 मध्ये तिथून मुंबईला वॉटर टॅक्सीही सुरू झाली. बेलापूरपासून पनवेल बंदर होडीने तासाभराचं. त्यासाठी मोठी बोट नको. उथळ तळाची, वीस-पंचवीस माणसांची, भरतीच्या वेळापत्रकावर चालणारी बोट पुरे. ती कोळीवाड्यातल्या माणसांनी चालवावी आणि तिचं उत्पन्न त्यांना मिळावं. खाडीचा मधला प्रवाह मोकळा करावा, पण काठच्या तिवरांना हात न लावता. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली आहे, तो निकाल इथे आपल्या बाजूने आहे. बंदरावर एक फलक असावा, त्यावर 1778 ची फौज लिहावी आणि तिच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत चाकांचे सुतार लिहावेत. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय खाडीत सोडू नये, हे तर प्रवासी येवोत न येवोत, कोळीवाड्याचं देणं आहे.

मी हे सगळं बंदरावर परत आल्यावर बोलून दाखवलं. तांडेल ओहोटीच्या आत परत निघायच्या घाईत होते, त्यामुळे ते फक्त मान हलवत राहिले. उत्तर दिलं ते सकाळच्या मावशींनी. त्यांना बोटीचं, फलकाचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्या चिवणी माशांबद्दल बोलल्या. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात गोडं पाणी खाडीत उतरतं आणि अंड्यांनी भरलेल्या चिवण्या उलट्या वर चढतात. पूर्वी त्या गावाच्या पार वरपर्यंत जायच्या, पोरं हातांनी धरायची. आता पुलांच्या भरावांनी आणि घाणीने त्या मध्येच अडतात. “चिवनी वर चरली ना,” त्या म्हणाल्या, “का समजायचा खारी बरी झाली. मंग तुमची बोट पन येल.” आषाढात येतो म्हणून मी त्यांना सांगितलं, त्यांनी तिथी विचारली, आणि मित्राने तिथेच हिशेब करून अमावस्येनंतरची द्वितीया ठरवली, भरती दीड वाजता.